न लवणारा सांधा: बॉस्टनच्या हॅनकॉक टॉवरचं प्रकरण

१९७३ साली बॉस्टनच्या कॉप्ली चौकात उभं राहून मान वर केली, की एक विचित्र दृश्य दिसायचं. साठ मजल्यांचा, निळसर आरशासारखा होऊ घातलेला मनोरा आणि त्याच्या अंगावर जागोजाग प्लायवुडची ठिगळं. काच निखळली की तिथे प्लायवुड ठोकायचं, एवढाच उपाय तेव्हा हातात होता. ही ठिगळं वाढत वाढत एक एकराच्या वर गेली. आपल्या मोजणीत चाळीस गुंठ्यांहून जास्त. लोक त्या इमारतीला ‘प्लायवुड पॅलेस’ म्हणू लागले. वाऱ्याचा वेग ताशी ४५ मैलांवर, म्हणजे साधारण ७२ किलोमीटरवर गेला की पोलीस आजूबाजूचे रस्ते बंद करत.

मी इमारतींच्या काचेच्या दर्शनी भिंती उभारण्याच्या कामात आहे. आमच्याकडे त्याला फसाड म्हणतात. मुंबईत आणि पुण्यात आमची कामं चालतात. नवा मुलगा रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात मी त्याला हे प्रकरण सांगतो. ड्रॉइंग नंतर उघड, आधी हे ऐक, असं म्हणतो. शहरातला माणूस आज दिवसभर काचेच्या भरवशावर जगतो. तिच्याखालून चालतो, तिसाव्या मजल्यावर तिला टेकून फोनवर बोलतो, आणि तिला धरून ठेवणारी बोटभर रुंदीची कड मात्र त्याला कधीच दिसत नाही. हॅनकॉक टॉवरची सगळी गोष्ट त्या कडेवर घडलेली आहे.

चौक, चर्च आणि आरसा

बॉस्टनचा बॅक बे हा भाग मुळात खाडीचा. एकोणिसाव्या शतकात भर घालून तो जमिनीत आणला. मुंबईकराला भरावाची जमीन म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. या जमिनीवर १८७७ मध्ये हेन्री हॉब्सन रिचर्डसनने आखलेलं ट्रिनिटी चर्च उभं राहिलं, जमिनीत ठोकलेल्या सुमारे ४,५०० लाकडी खांबांवर. जाडजूड दगडी, तांबूस आणि मातकट रंगांचं, बॉस्टनकरांच्या जिवाभावाचं. चौकाच्या दुसऱ्या बाजूला १८९५ चं सार्वजनिक ग्रंथालय.

जॉन हॅनकॉक या विमा कंपनीला आपलं नवं मुख्यालय या चर्चला खेटून बांधायचं होतं. १९६४ मध्ये प्रुडेन्शियल या दुसऱ्या विमा कंपनीने याच भागात ७४९ फुटांचा टॉवर उभा केला होता. हॅनकॉकचा आकडा ठरला ७९० फूट, म्हणजे २४१ मीटर. काम सुरू झालं १९६८ मध्ये. पायाच्या खोदाईतच त्रास सुरू झाला. खड्ड्याच्या आधारभिंती आत सरकल्या, आजूबाजूची जमीन खचली, रस्ते आणि जमिनीखालचे नळ बिघडले आणि चर्चच्या बांधकामालाही इजा झाली. तो वाद पुढे बरीच वर्षं चालला. इथे एवढंच पुरे.

वास्तुरचनाकार होते आय. एम. पेई यांच्या कार्यालयातले हेन्री कॉब. त्यांच्यापुढचा प्रश्न मला आजही अवघड वाटतो. साडेचारशे माणसांच्या सभेत एक सात फुटी पैलवान येऊन बसला तर सगळ्यांची नजर त्याच्याकडेच जाणार. मग त्याला बसवायचं कसं? कॉब यांनी दोन गोष्टी केल्या. इमारतीचा पाया आयताकृती न ठेवता कलत्या समांतरभुज चौकोनाचा ठेवला. त्यामुळे चौकातून तिची रुंद बाजू तिरपी दिसते आणि अरुंद टोक सुरीच्या पात्यासारखं. त्या टोकाला वरपासून खालपर्यंत एक उभी खाच दिली, म्हणजे ते आणखी बारीक दिसावं. आणि सगळ्या इमारतीला एकसलग परावर्तक काच लावली. छज्जा नाही, गॅलरी नाही, एकही रेघ पुढे आलेली नाही. आकाश निळं असेल तर इमारत निळी, ढग आले तर ढगाळ, आणि खालच्या भागात दगडी चर्चचं प्रतिबिंब. जुन्या शेजाऱ्यावर कुरघोडी करायची नाही, त्यालाच अंगावर दाखवायचं.

काचेकडून शहराने पहिल्यांदाच एवढी मोठी अपेक्षा केली होती असं मी म्हणणार नाही. पण इतक्या स्पष्टपणे ती क्वचितच मांडली गेली असेल: इमारत असावी आणि नसावीही. आज बांद्रा-कुर्ला संकुलात किंवा हिंजवडीत जे काचेचे डोंगर दिसतात, त्यांच्या मागेही कुठेतरी हीच इच्छा आहे. भिंत हवी, पण भिंत वाटू नये.

एका काचेची रचना

आता एका काचेकडे बारकाईने बघू. मनोऱ्यात अशा १०,३४४ काचा होत्या. प्रत्येक साधारण साडेचार फूट रुंद आणि साडेअकरा फूट उंच, वजन सुमारे ५०० पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास. गोदरेजचं जुनं भरलेलं कपाट डोळ्यासमोर आणा आणि ते पन्नासाव्या मजल्याच्या बाहेरच्या अंगाला उभं लावलं आहे असं समजा.

ही काच एकेरी नव्हती. दोन तक्ते, मध्ये हवेची बंद पोकळी. उष्णता आतबाहेर कमी जावी म्हणून ही रचना करतात. बाहेरच्या तक्त्याच्या आतल्या अंगावर, म्हणजे पोकळीच्या बाजूला, क्रोमियमचा पातळ परावर्तक थर होता. आरशाचा परिणाम त्या थराचा. दोन तक्त्यांमध्ये अंतर राखायला चारी कडांनी शिशाची पट्टी, आणि ही पट्टी काचेला डाख लावून जोडलेली. पूर्वी गळक्या पितळी भांड्याला डाख लावून देणारे दारावर येत, तसाच हा डाख. फक्त इथे तो काच आणि धातू यांच्यामध्ये. लहान खिडक्यांमध्ये अशा शिशाच्या कडा अनेक वर्षं नीट चालल्या होत्या. म्हणजे कोणी उगाच धाडस केलं असं नव्हतं. पद्धत जुनी होती. तिच्यावरचा परावर्तक थर आणि तिचा हा आकार नवा होता.

अशी काच भिंतीत बसली की ती स्वस्थ बसत नाही, हे बाहेरच्या माणसाला पटकन पटत नाही. उन्हात बाहेरचा तक्ता तापतो, आतला खोलीच्या तापमानाला राहतो. काच तापली की वाढते. ढोबळ हिशेब सांगतो: साडेतीन मीटर उंचीच्या तक्त्याचं तापमान शेजारच्या तक्त्यापेक्षा ३० अंशांनी जास्त असेल, तर तो जवळजवळ एक मिलिमीटर जास्त लांब होतो. शिवाय पोकळीत कोंडलेली हवा दुपारी फुगते आणि रात्री आक्रसते. तक्ते बाहेर-आत श्वास घेतल्यासारखे हलतात. त्यात वारा. ताशी १२० किलोमीटरचा वारा समोरून आदळला तर दर चौरस मीटरला सुमारे ७० किलोचा भार येतो, म्हणजे त्या एका काचेवर सव्वातीनशे किलोच्या पुढे. इमारतीच्या कोपऱ्यांवर तर वारा काच आत ढकलण्याऐवजी बाहेर ओढतो, आणि ती ओढ याहून जास्त असू शकते. हे सगळं रोज, हजारो वेळा. दोन तक्त्यांच्या मधल्या सांध्याचं काम एकच: या हालचालीला वाव द्यायचा.

जुन्या लाकडी खिडक्यांमध्ये हे काम लांबी करायची. खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून केलेली लांबी. पुण्यातल्या माझ्या आजोळच्या वाड्यात तावदानांच्या कडेला ती बसवलेली होती. आत चार चुका ठोकलेल्या, वर लांबीचा तिरपा पट्टा. नवी असते तेव्हा ती नखाने दाबली जाते. वर्षानुवर्षं ऊन खाऊन ती कडक झाली की तिला भेगा जायच्या, तुकडे पडायचे, आणि मग वारा आला की तावदान खडखडायचं. आजी म्हणायची, “काचवाल्याला बोलाव रे, लांबी गेली.” काच शाबूत असायची. दुरुस्ती सांध्याची असायची.

२० जानेवारी १९७३

काचा तडकण्याच्या तक्रारी आधीपासून होत्या. पण २० जानेवारीच्या रात्री बॉस्टनवर वादळ आलं आणि वारा ताशी ७५ मैलांपर्यंत गेला. इमारत अजून वापरात आली नव्हती. त्या वादळात ६५च्या आसपास काचा निखळल्या किंवा फुटल्या. वरून निघालेला तुकडा सरळ खाली जात नाही. वारा त्याला भिंतीवर आपटतो आणि खालच्या मजल्यांच्या धडधाकट काचाही त्याच्या मारात सापडतात.

त्या सगळ्या काळात पडलेल्या काचेने एकाही माणसाचा जीव गेला नाही. हे वाक्य लिहिताना मला दर वेळी हायसं वाटतं, आणि लगेच भीतीही वाटते. सव्वादोनशे किलोची काच २०० मीटरवरून खाली येते तेव्हा रस्त्यावर कोण आहे हे तिला ठाऊक नसतं. चौकात चर्च आहे, ग्रंथालय आहे, पायी चालणारे लोक आहेत. त्या महिन्यांत तिथून ये-जा करणाऱ्यांनी रोज काय मनात घेऊन पावलं टाकली असतील, याचा विचार आम्ही कामाच्या घाईत करत नाही. करायला हवा.

शोध

कारणांबद्दल तर्कांना तोटा नव्हता. पाया खचतोय म्हणून चौकटी वाकड्या होत असतील. वाऱ्यात मनोरा डुलतो म्हणून काचा पिळल्या जात असतील. त्या कलत्या आकारामुळे काही ठिकाणी वाऱ्याचा दाब अवाच्या सवा वाढत असेल. प्रत्येक तर्क शहाणपणाचा होता आणि प्रत्येकाचं बोट काचेच्या बाहेर कुठेतरी होतं. वाऱ्याच्या बोगद्यात परिसराची प्रतिकृती ठेवून चाचण्या झाल्या. त्यातून इमारतीबद्दल वेगळंच काही कळलं, ते पुढे येईल. काचांचं कोडं त्याने सुटलं नाही.

सुटलं ते प्रयोगशाळेत, काचेची कड तपासताना. शिशाची पट्टी काचेला इतकी घट्ट धरून होती की हालचालीला वावच उरला नव्हता. क्रोमियमच्या थराशी डाखाचा सांधा फार पक्का जमला होता. तक्ता तापला, फुगला, वाऱ्याने वाकला, की त्या हालचालीचा सगळा ताण सांध्याने स्वतः सोसण्याऐवजी सरळ बाहेरच्या तक्त्यावर ढकलला. कधीतरी डाखाने काचेचाच एक बारीक टवका उपटून काढला. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही एवढा. आणि काचेला एवढं पुरतं.

का पुरतं, ते पाहायचं असेल तर कोणत्याही गावातल्या काचवाल्याच्या दुकानात पाच मिनिटं उभं राहा. टेबलावर गोधडी किंवा जुनं कार्पेट, वर काच. तो कटरचं चाक रॉकेलमध्ये बुडवतो, पट्टी धरतो आणि एकदाच, न थांबता, रेघ ओढतो. रेघ जेमतेम दिसते. काच अजून अखंड असते. मग ती टेबलाच्या कडेवर घेऊन खालून हलकी टिचकी मारतो आणि काच त्या रेघेवरून सरळ दुभंगते. त्याने ताकद लावलेली नसते. काच दाबाला प्रचंड टिकते, ताणाला फार थोडी, आणि ताणाखाली ती कुठून फुटेल हे तिच्या अंगावरचा एखादा ओरखडा ठरवतो. हॅनकॉकच्या मनोऱ्यात कटरचं काम डाखाने केलं होतं आणि टिचकी मारायला रोजचं ऊन आणि वारा होता.

मी नव्या मुलांना हा भाग दोनदा सांगतो. सांधा कच्चा होता म्हणून काचा पडल्या, अशी समजूत माणसाची आपोआप होते. इथे सांधा काचेपेक्षा पक्का निघाला. कारखान्यात कोणी तो सांधा ओढून पाहिला असता तर त्याने समाधानाने मान डोलावली असती.

दहा हजार तीनशे चव्वेचाळीस

ऑक्टोबर १९७३ मध्ये निर्णय जाहीर झाला: शिल्लक असलेल्या धडधाकट काचांसकट सगळ्याच्या सगळ्या १०,३४४ काचा बदलायच्या. खर्चाचा अंदाज ५० ते ७० लाख डॉलर. नव्या काचा एकेरी, उष्णतेने कडक केलेल्या. आपल्याकडे बाजारात ‘टफन’ म्हणतात त्या प्रकारच्या. अशी काच भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झटकन थंड करतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो, आतला भाग मागून आक्रसतो आणि पृष्ठभागाला कायमचा आवळून धरतो. त्यामुळे ओरखड्याला उघडायला जोर लागतो, आणि फुटलीच तर तिचे सुऱ्यांसारखे तुकडे न होता खडीसाखरेसारखे दाणे होतात. तिचेही दोष आहेत. आत निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण राहून गेला असेल तर ती वर्षांनंतरही आपोआप फुटू शकते. म्हणून आज चांगल्या कामात ती आधी पुन्हा तापवून पारखून घेतात.

दुहेरी काच गेली म्हणजे उष्णता अडवण्याचा तिचा गुणही गेला. त्याच ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं होतं आणि इमारतींचा ऊर्जेचा खर्च सगळ्या जगाला नव्याने मोजावा लागणार होता. तरी निर्णय बरोबरच होता असं माझं ठाम मत आहे. खाली रस्ता होता. काढलेल्या काचांपैकी सुमारे ५,००० अखंड निघाल्या; त्या पुढे कलाकारांना वापरायला देऊ केल्या गेल्या.

काचांच्या चौकशीत निघालेली दुसरी गोष्ट म्हणजे मनोऱ्याचं डुलणं. वाऱ्यात तो नुसता हलत नव्हता, पिळतही होता, आणि वरच्या मजल्यांवर बसणाऱ्यांना बोटीत बसल्यासारखं झालं असतं. रचना अभियंता विल्यम लमेझर यांच्या कार्यालयाने ५८व्या मजल्यावर दोन टोकांना प्रत्येकी ३०० टनांची वजनं बसवली. शिशाने भरलेल्या पोलादी पेट्या, खाली वंगण लावलेला पोलादी पत्रा, बाजूंना स्प्रिंगा. इमारत सरकते, वजन जडपणामुळे जागेवर राहू पाहतं, आणि स्प्रिंगा इमारतीला मागे ओढतात. नंतर स्वित्झर्लंडचे तज्ज्ञ ब्रूनो थुर्लिमान यांनी आणखी धक्कादायक हिशेब मांडला: विशिष्ट वाऱ्यात मनोरा त्याच्या अरुंद टोकाच्या दिशेने कोसळण्याचा धोका होता. सगळ्यांचं लक्ष रुंद बाजूकडे असताना दुबळेपणा लांबीच्या दिशेला निघाला. मग गाभ्यात १,५०० टन तिरपं पोलाद घातलं गेलं. काचा पडल्या नसत्या तर ही तपासणी इतक्या खोलात झाली असती का, हा प्रश्न मला अनेकदा छळतो.

इमारत अखेर १९७६ मध्ये सुरू झाली, ठरल्यापेक्षा काही वर्षं उशिरा, मूळ अंदाजाच्या दुपटीहून जास्त खर्चात. १९७७ मध्ये तिला अमेरिकन वास्तुरचनाकार संस्थेचा सन्मान मिळाला आणि २०११ मध्ये पंचवीस वर्षांहून अधिक काळ टिकून राहिलेल्या गुणवत्तेसाठीचा पुरस्कारही. आज तिचं नाव बदलून २०० क्लॅरेंडन स्ट्रीट झालं आहे.

न बोलण्याचा करार

या प्रकरणातला जो भाग मला सगळ्यात जास्त लागतो तो काचेबद्दलचा नाही. मालक, वास्तुरचनाकार, काच बनवणारे आणि बांधकाम करणारे यांच्यात खटले झाले, ते तडजोडीने मिटले, आणि तडजोडीची एक अट अशी होती की काय घडलं ते कोणी उघड बोलायचं नाही. वर्षानुवर्षं बॉस्टनमध्ये अफवाच फिरत राहिल्या. मनोरा डुलत होता म्हणून काचा पडल्या, ही समजूत इतकी घट्ट बसली की आजही अनेक अभियंते तीच सांगतात. बॉस्टन ग्लोबचे वास्तुसमीक्षक रॉबर्ट कॅम्बेल यांनी १९८८ मध्ये सविस्तर लिहिलं तेव्हा कुठे शिशाच्या सांध्याची गोष्ट व्यवसायातल्या सर्वसाधारण माणसापर्यंत पोचली. मधे पंधरा वर्षं गेली.

त्या पंधरा वर्षांत जगभर किती काचेच्या इमारती उभ्या राहिल्या असतील! त्यांच्या ड्रॉइंगवर वाकलेल्या कोणाला तरी हे माहीत असायला हवं होतं. रुग्णालयात रोगी दगावला तर निदान डॉक्टर आपापसात बसून कारणं तपासतात. आमच्या धंद्यात काच पडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी नवी बसते, रस्ता झाडला जातो, विम्याचे कागद भरले जातात आणि फाइल बंद होते. मी स्वतः हे पाहिलं आहे. एका कामावर चौदाव्या मजल्याची काच रात्री फुटून खालच्या पोर्चवर पडली. कोणाला लागलं नाही. मी तुकडे आणि फ्रेमची कड तपासणीसाठी मागितली, तर कळलं की भंगारवाला सकाळीच घेऊन गेला. कारण आजतागायत मला माहीत नाही, आणि तशीच काच त्या इमारतीवर अजून शेकड्यांनी आहे. नाव घेत नाही. नाव घेऊन उपयोग नाही, कारण ही रीतच आहे.

२०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत काचेसाठी वेगळं प्रकरण आहे. कुठे कोणती काच, किती जाडीची, कुठे सुरक्षा काचच हवी, हे त्यात आहे. त्याचा फायदा झाला आहे. पण पडलेल्या काचेचं कारण सगळ्यांना कळावं अशी सोय अजून कुठे माझ्या पाहण्यात नाही. खालून जाणाऱ्या माणसाने तर कोणताच करार केलेला नसतो, मग त्याच्यापासून कारण लपवायचा हक्क कोणाला कुठून मिळतो?

साइटवर

आज आपल्याकडे दुहेरी काच बनते तिच्या कडेला डाख नसतो. ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी असते, तिच्यात पोकळीतला दमटपणा शोषणारे राजगिऱ्याएवढे दाणे भरलेले असतात. पट्टी आणि काच यांच्यामध्ये आधी ब्युटिलचा काळा चिकट थर, आणि बाहेरून सिलिकॉन. दोन्ही रबरासारखे लवतात. फ्रेमला काच जोडतात तेही सिलिकॉननेच. कित्येक इमारतींत बाहेरून एकही पट्टी नसते. समोर दिसणारी ती सगळी काच फक्त त्या काळ्या सांध्यावर टांगलेली असते. म्हणून सांधा ओढून पाहावा लागतो.

गेल्या जुलैत मुंबईतल्या एका कामावर होतो. बाहेर पाऊस, हवेत हात फिरवला तर ओला व्हावा अशी दमट. आठवड्याभरापूर्वी आम्ही काच आणि ॲल्युमिनियम या दोन्हींवर नमुन्याच्या सिलिकॉनच्या पट्ट्या ओढून ठेवल्या होत्या. ज्याच्याकडे चाचणीचं काम होतं तो सोलापूरकडचा कारागीर, वयाने माझ्याहून मोठा. सगळे त्याला मामा म्हणतात, मीही.

मामांनी पहिल्या पट्टीचं टोक ब्लेडने सोडवलं, दोन बोटांत धरलं आणि मागे वळवून सावकाश ओढलं. पट्टी ॲल्युमिनियमवरून सोललेल्या केळ्याच्या सालीसारखी अख्खी निघाली. खालचा धातू चकचकीत, स्वच्छ.

“साहेब, सिलिकॉन चांगलं आहे बघा, कुठे तुटलं नाही,” शेजारचा नवा मुलगा म्हणाला.

“म्हणूनच वाईट,” मामा म्हणाले. “ते तुटायला पाहिजे होतं.”

मुलगा गोंधळला. मामांनी त्याला काचेवरची पट्टी ओढायला दिली. त्याने ओढली, ती ताणली, पांढुरकी झाली आणि मधोमध फाटली. काचेवर काळा थर तसाच राहिला, त्याच्या बोटांतही काळा थर राहिला. सिलिकॉन स्वतः फाटलं. काचेला त्याने सोडलं नाही आणि काचेचा कणही उपटला नाही. पास झालेली चाचणी अशी दिसते.

मग ॲल्युमिनियमचं कारण शोधायला बसलो. पुसण्याची पद्धत दोन फडक्यांची असते: एकाने द्रावण लावायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने मळ टिपून घ्यायचा. सकाळच्या पाळीत एकच फडकं वापरलं जात होतं. द्रावण वाळलं की मळ परत तिथेच बसतो, डोळ्यांना दिसत नाही. त्या पाळीत भरलेली बावीस पॅनेलं आम्ही बाजूला काढली. वरून फोन आला, वेळापत्रकाचं काय. मी सांगितलं, बावीस पॅनेलं वर जाणार नाहीत, सांधे कापून पुन्हा भरू, आणि कारण रजिस्टरमध्ये लिहून सगळ्या पाळ्यांना वाचून दाखवू.

मुलाने रजिस्टर उघडलं. तारीख, पॅनेलचे क्रमांक, हवेतला दमटपणा, मग कारणाचा रकाना. “काय लिहू?” त्याने विचारलं. मामांनी त्याला ती सोलून निघालेली पट्टी दिली आणि म्हणाले, “आधी ही पानावर चिकटव. मग लिही.”